शेजारच्या घरचं लग्न: गावात पक्षाचं अधिवेशन येणार असेल तर काय करायचं

ह्यूस्टनहून धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, तुमच्याकडं झालं ना ते रिपब्लिकनांचं अधिवेशन? २०२८ चं आमच्याकडं आहे. केटरिंगच्या ऑर्डरी कशा मिळवायच्या ते सांगा."

मी म्हटलं, ऑर्डरीचं नंतर बघू. आधी कुंपण कुठं पडणार ते शोध.

तिला वाटलं, मी सांगायचं टाळतेय. म्हणून हे सगळं नीट लिहून काढलं. मी विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या पश्चिमेला, वॉवटोसात राहते. माझं जेवणाच्या डब्यांचं काम डाउनटाउनजवळच्या एका भाड्याच्या किचनमधून चालतं. ऑफिसांना दुपारचे डबे, शनिवार-रविवारी वाढदिवस आणि मुंजी. माझ्या वाट्याला दोन अधिवेशनं आली. एक २०२० मध्ये यायचं होतं, ते आलंच नाही. दुसरं २०२४ मध्ये आलं, पण माझ्याकडं आलं नाही.

ज्यांनी हे फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर चार वर्षांनी दोन्ही मोठे पक्ष एकेक शहर निवडतात. ५० राज्यांतून, वॉशिंग्टन डी.सी.मधून आणि बेटांवरच्या प्रदेशांतून डेलिगेट म्हणजे पक्षाचे प्रतिनिधी येतात आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव पक्कं करतात. सोमवार ते गुरुवार, चार दिवसांचा खेळ. मिलवॉकीत साधारण ५०,००० पाहुणे येतील असं सांगितलं जात होतं. आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात नाश्त्याच्या रांगेवरून रुसवेफुगवे होतात. इथं रांगेत उभं राहायलाच गळ्यात पास लागतो, आणि तुम्हाआम्हाला तो मिळत नाही. सगळा फरक तिथंच पडतो. शेजारच्या घरी लग्न आहे, आमंत्रण तुम्हाला नाही, पण मांडव तुमच्या दारापर्यंत आलाय आणि गाड्या तुमच्या फाटकासमोर लागल्यात.

आधी नकाशा

अधिवेशनाला सरकार 'राष्ट्रीय विशेष सुरक्षा कार्यक्रम' असा दर्जा देतं. तो मिळाला की सुरक्षेची सूत्रं सीक्रेट सर्व्हिसकडं जातात. गावचे पोलीस, महापौर, रस्त्यांचं खातं हे सगळे त्यानंतर दुसऱ्या रांगेत. म्हणून नगरसेवकाला फोन करून "माझी गल्ली बंद होणार का?" असं विचारलंत तर तो बिचारा खरंच सांगू शकत नाही. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तो गोड बोलला.

पक्का नकाशा अगदी शेवटी येतो. आमच्याकडं २०२४ चं अधिवेशन १५ जुलैला सुरू होणार होतं आणि नकाशा जूनच्या उत्तरार्धात आला. शिकागोत डेमोक्रॅटांचं १९ ऑगस्टला होतं, तिथं नकाशा जुलै संपता संपता आला. म्हणजे हाताशी तीन-चार आठवडे. त्याच्या आधी काहीही ठरवू नका असं म्हणत नाही, पण जे ठरवाल ते मोडता येईल असं ठरवा.

नकाशावर दोन रेघा असतात. आतली रेघ म्हणजे उंच जाळीचं कुंपण. पासाशिवाय माणूसही आत जात नाही. बाहेरची रेघ गाड्यांसाठी. तिथं चालत जाता येतं, पण गाडी नेलीत तर थांबवून, डिकी उघडून तपासतात. लोक आतल्या रेघेकडं बघून म्हणतात, "आपण बाहेर आहोत, सुटलो." चुकतात. धंद्याला मारते ती बाहेरची रेघ. दुधाचा ट्रक, गॅसवाला, लिनन बदलणारा, कचरा उचलणारा, सगळे गाडीनं येतात. आमच्याकडं फायसर्व्ह फोरम, पँथर अरीना आणि बेअर्ड सेंटर या तिन्ही इमारतींभोवती कुंपण होतं. माझं किचन त्याच्या बाहेर होतं, चांगलं मैलभर. तरी सोमवारी भाजीचा ट्रक हायवेवरून उतरायच्या रॅम्पपाशी अडकला आणि कोथिंबीर दुपारी दोनला आली. डबे साडेअकराला जातात.

नकाशा हातात आला की त्याच दिवशी एक काम करा. तुमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक गाडीची यादी काढा आणि ती कुठल्या रस्त्यानं येते ते ड्रायव्हरलाच विचारा. मालकाला नको, मालकाला माहीत नसतं. मग त्या आठवड्याच्या फेऱ्या पहाटे पाचच्या आत किंवा आदल्या शुक्रवारी करून घ्या.

धंदा असेल तर

इथं मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण इथंच हात पोळलेत.

मार्च २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं मिलवॉकीचं नाव जाहीर केलं, तेव्हा मी त्याच आठवड्यात नवी व्हिजिटिंग कार्डं छापली. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. जुलै २०२० साठी मोठा फ्रीज हप्त्यावर घेतला. मग कोविड आला. तारीख जुलैची ऑगस्टवर गेली, फायसर्व्ह फोरमचं ठिकाण बदलून छोटं केलं, जूनमध्ये डेलिगेटना घरीच थांबा म्हणून सांगितलं आणि ऑगस्टमध्ये कळलं की स्वतः उमेदवार बायडनही येणार नाहीत. त्यांनी भाषण डेलावेअरमधून केलं. आम्ही ते घरी सोफ्यावर बसून पाहिलं. फ्रीजचे हप्ते पुढं दोन वर्षं चालू होते.

२०२४ ला शहाणी झाले होते. तरी चाळीस पौंड पनीर जास्तीचं घेतलंच.

झालं असं, की माझी रोजची गिऱ्हाइकं म्हणजे डाउनटाउनची ऑफिसं. त्या आठवड्यात बहुतेकांनी लोकांना घरूनच काम करायला सांगितलं. माझा नवराही घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. रोज चाळीसच्या आसपास जाणारे डबे सोमवारी नऊ गेले, मंगळवारी सहा. आणि ते ५०,००० पाहुणे? ते सकाळी हॉटेलात आपल्या राज्याच्या नाश्त्याच्या बैठकीला, तिथून बसनं थेट कुंपणाच्या आत, रात्री आधीच ठरलेल्या पार्टीला, मग बसनं परत हॉटेल. रस्त्यावर उतरून "इथं काय चांगलं मिळतं?" असं विचारणारा पाहुणा मला चार दिवसांत एक भेटला, आणि त्यालाही बाथरूम हवं होतं. डाउनटाउनमधल्या कितीतरी रेस्टॉरंटवाल्यांनी तेव्हा हेच गाऱ्हाणं गायलं. काहींनी जास्तीची माणसं लावली होती, ती काउंटरला टेकून उभी.

ज्यांनी कमावलं त्यांनी वर्षभर आधी कमावलं होतं. अख्खं रेस्टॉरंट एका संध्याकाळसाठी एखाद्या कंपनीला किंवा राज्याच्या तुकडीला दिलं, करार केला, ॲडव्हान्स घेतला. म्हणून ज्याला यात उतरायचंय त्यानं हे ध्यानात ठेवावं:

यजमान समिती नावाची एक स्थानिक संस्था असते, पक्षापासून वेगळी. पैसे गोळा करणं, हॉटेलं, बसगाड्या, स्वयंसेवक हे सगळं ती बघते. ती स्थानिक धंद्यांची यादी तयार करते. त्या यादीत नाव पहिल्या महिन्यातच घाला, फुकट असतं. पण यादीत नाव म्हणजे ऑर्डर नव्हे. मी नाव घातलं होतं, वर्षभर फक्त ईमेल आले, 'उत्साहाचं वातावरण आहे' असे.

ॲडव्हान्स निम्मा, आणि रद्द झालं तर तो परत नाही, हे कागदावर. कोविड, वादळ, सुरक्षा, काहीही कारण असो. टॅम्पात २०१२ मध्ये आयझॅक वादळ जवळून जाणार म्हणून पहिला दिवसच गेला होता. ह्यूस्टनवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. सत्तेतल्या पक्षाचं अधिवेशन रिवाजाप्रमाणं दुसरं होतं, बहुधा ऑगस्टमध्ये, आणि ऑगस्टात तुमच्याकडं आकाश कसं असतं ते मी सांगायला नको.

विम्यावर भिस्त ठेवू नका. 'सरकारी आदेशानं धंदा बंद' असं कलम पॉलिसीत असतं खरं, पण ते साधारणपणे जवळपास कुठं आग लागली, काही पडलं-मोडलं, तरच लागू होतं. ठरवून घातलेल्या कुंपणाला ते लागत नाही. माझ्या एजंटनं हे मला ऑगस्टात समजावलं. मे महिन्यात विचारायला हवं होतं.

आणि एक गोष्ट जी मला तिसऱ्या दिवशी सुचली: भुकेली माणसं आत नसतातच, बाहेर असतात. आत कंपन्यांचे बुफे चालू. पण डेलिगेटना सोडून दिवसभर पार्किंगमध्ये थांबलेले बसचे ड्रायव्हर, बारा-बारा तास उभे असलेले बाहेरगावचे पोलीस, कुंपण बांधणारे आणि नंतर सोडवणारे मजूर, कॅमेरे उचलणारी पोरं, यांना कोण विचारतंय? राज्यांच्या तुकड्यांना हॉटेलं शहरात पुरत नाहीत, त्यांना आसपासच्या गावांत ठेवतात. आमच्याकडं ब्रुकफील्ड, वॉकेशा या बाजूला बऱ्याच उतरल्या होत्या. तिथल्या एका हॉटेलच्या आवारात बस लावून बसलेल्या ड्रायव्हरांशी मी बोलले. त्यांच्या मुकादम बाईनं बुधवार-गुरुवारसाठी पस्तीस-पस्तीस डबे घेतले. पराठा, छोले, भात, लोणचं. एका टेक्सासच्या आजोबांनी लोणच्याची बाटलीच मागून घेतली. पनीर तिथंच संपलं. पैसे मात्र ४५ दिवसांनी आले, हेही सांगून ठेवते.

म्हणजे धाकटीला मी सांगितलं ते असं: डाउनटाउनचा नाद सोड. तू शुगर लँडला आहेस ना, तिथल्या हॉटेलांच्या मॅनेजरांना आतापासून भेट. तुकडी कुठं उतरणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. डबा हातात धरून, उभ्यानं खाता येईल असा ठेव.

घर भाड्यानं देणार असाल तर

२०२४ च्या वसंतात आमच्या गल्लीत प्रत्येक जण आठवड्याला पाच हजार डॉलरची स्वप्नं बघत होता. मागणीपेक्षा घरं जास्त झाली आणि जून संपेपर्यंत भाव उतरले. तरीही द्यायचं असेल तर एक कायदा तुमच्या बाजूचा आहे. ज्या घरात तुम्ही स्वतः राहता ते वर्षात १५ पेक्षा कमी दिवस भाड्यानं दिलंत, तर फेडरल करात ते उत्पन्न दाखवावं लागत नाही. त्याचा खर्चही मग वजा करता येत नाही, हे ओघानं आलंच. दिवस मोजताना त्याच वर्षीच्या ख्रिसमसला दिलेले दोन दिवस विसरू नका.

बाकीच्या अटी गावच्या. शहराची नोंदणी लागते का, सोसायटीचे नियम काय म्हणतात, घराचा विमा भाडेकरूला धरतो का. तुम्हीच भाडेकरू असाल तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय हे करू नका. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला नोटीस आली होती, आणि पाहुणा तर शेवटी आलाच नाही.

त्या चार दिवसांत

बर्फाच्या वादळाआधी जी तयारी करता तीच करा. औषधं पंधरा दिवसांची आणून ठेवा. डायलिसिस, केमो, गर्भारपणाची तपासणी असं काही असेल तर हॉस्पिटलला स्वतः फोन करून रस्ता आणि वेळ विचारा, ते बोलावतील म्हणून थांबू नका. कुंपणाजवळच्या टपालपेट्या आणि कचऱ्याचे डबे काढून नेतात, पार्सलं अडतात. पासपोर्ट नूतनीकरणाची कागदपत्रं त्या आठवड्यात टाकू नका. बसचे मार्ग बदलतात. ड्रोन उडवायला बंदी असते, आणि ती गंमत नसते. शेजारच्या मुलाला वाढदिवसाला मिळालेला ड्रोन आम्ही कपाटात कुलपात ठेवला.

आमच्याकडं सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. त्यांना यातलं काहीच विशेष वाटलं नाही. "विसर्जनाला रस्ते बंद असतातच की. फरक एवढाच, की इथं प्रसाद नाही."

कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात काय न्यायचं नाही त्याची यादी निघते, ती वाचा. क्लीव्हलंडला २०१६ मध्ये त्या यादीत टेनिसचे चेंडू होते. मिलवॉकीच्या यादीतही होते. खरी बंदूक मात्र चालत होती, कारण ती राज्याच्या कायद्यानं चालते आणि शहराला तो बदलता येत नाही. आतल्या कुंपणात अर्थातच तीही नाही. हे मी सासूबाईंना मराठीत समजावून सांगितलं, तेव्हा ते आणखीच खुळ्यासारखं वाटायला लागलं.

बाहेरचे पोलीस

हा भाग मी हसत लिहू शकत नाही.

एवढ्या बंदोबस्ताला गावचे पोलीस पुरत नाहीत. सुरक्षेसाठी संसदेनं मिलवॉकी आणि शिकागोला प्रत्येकी साडेसात कोटी डॉलर दिले. त्यातला मोठा हिस्सा बाहेरून आणलेल्या पोलिसांवर जातो. त्यांना इथली गल्ली माहीत नसते, इथली माणसं माहीत नसतात. अधिवेशन सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी पेन्सिल्व्हेनियात ट्रम्प यांच्यावर गोळी झाडली गेली होती, तेव्हा सगळेच ताणलेले. अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, किंग पार्कजवळ, कुंपणापासून साधारण मैलभरावर, ओहायोतल्या कोलंबसहून आलेल्या पोलिसांनी एका बेघर माणसाला गोळ्या घातल्या. त्याच्या हातात सुऱ्या होत्या, दुसऱ्या एका माणसाशी त्याचं भांडण चाललं होतं. तो त्या वस्तीतलाच, लोक त्याला ओळखत होते. त्या संध्याकाळी लोक पार्कात जमले आणि एकच विचारत होते: अधिवेशन तिकडं आहे, मग ओहायोचे पोलीस आमच्या वस्तीत काय करत होते?

माझ्या किचनमध्ये भांडी घासायला येणारी बाई त्याच बाजूला राहते. ती बुधवारी आली नाही. गुरुवारी आली आणि दिवसभर काही बोलली नाही.

यावर तुम्ही-आम्ही काय करायचं? दोन गोष्टी. पहिली, अधिवेशनाच्या आधी शहर सार्वजनिक बैठका घेतं तेव्हा जा आणि हाच प्रश्न विचारा: बाहेरचे पोलीस कुठं तैनात असतील, त्यांच्याबरोबर इथला पोलीस असेल का, त्यांच्या अंगावर कॅमेरा असेल का. कुंपणाजवळच्या वस्त्यांतली माणसं विचारतातच. आपण उपनगरवाले जात नाही, कारण आपल्याला वाटतं हा आपला प्रश्न नाही. मीही गेले नव्हते.

दुसरी, कागद. ग्रीन कार्डवाल्या प्रौढांनी ते जवळ बाळगणं कायद्यानंच बंधनकारक आहे, पण आपल्यातले निम्मे ते लॉकरमध्ये ठेवतात. व्हिसावाल्यांनी आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, प्रत खिशात ठेवा. मोर्चा बघायला जाणाऱ्या पोरांना सांगून ठेवा, की नुसतं बघणाराही गर्दीत सापडू शकतो. न्यूयॉर्कला २००४ मध्ये पोलिसांनी रस्त्यावर नारिंगी जाळ्या लावून १,८०० जणांना पकडलं, त्यात जाता-येता सापडलेलेही होते. शहरानं पुढं २०१४ मध्ये जवळपास १.८ कोटी डॉलरला तडजोड केली, पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पोराला दहा वर्षांनी आलेल्या चेकचा काय उपयोग?

स्वयंसेवक व्हायचं असेल तर जरूर व्हा. विमानतळावर पाट्या धरून उभं राहायला माणसं लागतातच, आणि बिनपगारी मदत करायला नागरिक असावं लागत नाही. फक्त नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर पक्षाला किंवा उमेदवाराला देणगी देऊ नका, ते बेकायदा आहे. उत्साहात कुणी पंचवीस डॉलर टाकून बसतं.

शुक्रवार

कुंपण एका रात्रीत निघत नाही. रॅम्प आणि रस्ते टप्प्याटप्प्यानं उघडतात, तेव्हा शुक्रवारीही पर्यायी रस्ता तयार ठेवा. पाहुणे मात्र सकाळीच पसार होतात, त्यामुळं शुक्रवारसाठी जादा माल अजिबात भरू नका. नंतर शहराच्या वतीनं किती कोटींची उलाढाल झाली त्याचा आकडा येतो. तो खोटा नसतो, पण त्यात हॉटेलांच्या खोल्या, बसगाड्या, मांडव आणि बंदोबस्त असतो. तुमच्या आठवड्याचा आकडा तुम्ही तुमच्याच वहीत मांडा. माझा असा होता: रोजच्या डब्यांत साधारण १,१०० डॉलरची तूट, ड्रायव्हरांच्या डब्यांतून ८४० ची भर.

धाकटीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ताई, लोणचं जास्त घालायचं."

हो. आणि बाटल्या छोट्या घे.